बाईंनी पाळण्यात बसायलाच हवं का?

वाचकाचं पत्र: मी पालम तालुक्यातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. यंदा सहल नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला न्यायचं घाटतंय. एकदा तासाला मी मोबाईलवर ‘लंडन आय’ या लंडनच्या भल्यामोठ्या आकाशपाळण्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून वर्गाचा एकच घोषा, ‘बाई, माळेगावला आकाशपाळण्यात बसायचं!’ मुख्याध्यापक म्हणतात, ‘लंडनचा पाळणा वेगळा अन् जत्रेतला वेगळा. नेताय तर जबाबदारी तुमची.’ कबड्डीच्या संघातला एक दांडगा मुलगा एकटाच येऊन सांगून गेला, ‘बाई, मला वर लई भ्याव वाटतं, पण पोरांना सांगू नका.’ एका मुलीच्या आईचा निरोप आला की तिला चक्कर येते, पण ती ऐकायची नाही. आणि खरं सांगायचं तर उंचीची मला स्वतःलाच धास्ती आहे. गच्चीच्या कठड्याजवळही मी जात नाही. लेकरं म्हणतात, बाई, तुम्ही आमच्यासोबत बसायचंच. मन घट्ट करून बसू, की काहीतरी निमित्त काढू? की सहलीतून पाळणाच वगळू?

बाई, नमस्कार.

बसू नका. निमित्तही काढू नका. आणि पाळणा आत्ताच वगळूही नका, त्याचा निर्णय माळेगावला पोचल्यावर घ्यायचा आहे.

मन घट्ट करून बसलात तर काय होईल ते आधी बघू. जत्रेतला पाळणा भरताना सलग फिरत नाही. खालचा डबा भरला की थोडा सरकतो, थांबतो, मग पुढचा भरतो. म्हणजे आधी बसलेल्यांना पार टोकावर नेऊन तिथंच लटकत ठेवतो, आणि डबा आपल्याच झोक्यानं हलत राहतो. उंचीची धास्ती असलेल्याला फिरण्यापेक्षा हे थांबणंच भारी पडतं. तुमच्या शेजारी दोन मुली असतील. तुम्ही दांडी आवळून, डोळे मिटून बसणार आणि बाईंना सांभाळायचं काम त्या दोघींच्या गळ्यात पडणार. त्यांतल्या एखादीलाच भीती वाटली तर तिनं कुणाकडे बघायचं?

निमित्ताचं म्हणाल, तर ‘डोकं दुखतंय’, ‘पैशांची पिशवी माझ्याकडे आहे’ असलं काही नववीच्या पोरांपुढे टिकत नाही. ती समोर काही बोलणार नाहीत, एसटीत मागच्या सीटवर बोलतील. शिवाय तो कबड्डीवाला तुमच्याकडेच बघत असेल. भीती वाटली की पोट दुखतंय म्हणायचं, एवढंच तो तुमच्याकडून शिकेल. ते तर त्याला आधीच येतंय.

म्हणून सहलीच्या तीन-चार दिवस आधी वर्गातच सांगून टाका. पाळण्याच्या पायथ्याशी, रांगेत, गर्दीत सांगू नका. तिथं ते ऐनवेळी माघार घेतल्यासारखं दिसतं. सूचना देताना पाण्याची बाटली, डबा, ओळखपत्र यांच्याच ओघात म्हणा, ‘मला उंचीची भीती वाटते, मी पाळण्यात बसणार नाही, खाली थांबणार आहे. ज्यांना बसायचं नसेल त्यांनी माझ्यासोबत थांबायचं. का बसत नाही, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.’ एवढं बोलून पुढच्या सूचनेवर जा. त्यावर भाषण नको, ‘भीती वाटणं चुकीचं नसतं’ वगैरे पाठ नको. एखादा फाजील ‘बाई भित्र्या!’ म्हणेलच. त्याला ‘हो’ म्हणा आणि हजेरी घ्या. त्या मुलाचं नाव न घेता, त्याच्याकडे न बघता त्याचं निम्मं ओझं उतरलेलं असेल.

यात तुम्हाला वाटतोय तसा कमीपणा नाही, कारण खाली थांबणारं माणूस लागतंच. फेरी चालू असताना पाळणा थांबवायला सांगू शकेल असं शाळेचं कुणीतरी पाळणेवाल्याशेजारी उभं हवं. डब्यात बसलेल्या सरांना वरून काहीही करता येत नाही. ओरडले तरी जनरेटरच्या घरघरीत आणि भोंग्यांच्या गोंगाटात खाली ऐकू जायचं नाही. सहलीला आलेल्या शिक्षकांपैकी ज्यांना हौस आहे त्यांना वर पाठवा आणि पाळणेवाल्याशेजारची जागा तुम्ही घ्या.

तिथं उभं राहण्याआधी त्याच्याशी एक खूण ठरवून घ्या. हात हलवणं ही खूण चालत नाही, कारण वर गेलेली सगळीच पोरं हात हलवतात. एक हात डोक्यावर ठेवणं बरं. गंमत म्हणून तसं कुणी करत नाही आणि दुसरा हात दांडीवर राहतो. कुणाचा हात डोक्यावर दिसला की वेग कमी करायचा आणि तो डबा खाली आणून थांबवायचा, हे पाळणेवाल्याला फेरी सुरू व्हायच्या आधी पटलं पाहिजे. नाही म्हणाला, हसण्यावारी नेलं, तर त्याच्या पाळण्यात मुलं बसवायची नाहीत.

आता मुख्याध्यापकांकडे येऊ. त्यांचं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. लंडन आय 135 मीटर उंच आहे. दौलताबादच्या सहलीत पोरं मान वर करकरून बघतात तो चांदमिनार सुमारे 64 मीटरचा, म्हणजे लंडन आय त्याच्या दुपटीहून जास्त. 2000 साली लंडन आय लोकांसाठी खुला झाला. त्याला 32 बंदिस्त कुप्या आहेत, एकेकीत 25 माणसं मावतात आणि एका फेरीला अर्धा तास लागतो. तो इतका सावकाश फिरतो की माणसं चढवा-उतरवायला सहसा थांबवावाही लागत नाही. कुपी सरळ राहावी म्हणून मोटारी बसवलेल्या आहेत. जत्रेतला डबा मात्र आसावर नुसता टांगलेला असतो आणि स्वतःच्या वजनानंच सरळ राहतो. लंडनचा पाळणा कायमचा पाया घालून उभारलेला, जत्रेतला ट्रकमधून सुटा येतो, चार दिवस उभा राहतो आणि पुढच्या गावाला जातो. दोघांचा पूर्वज मात्र एकच. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं उभारलेलं सुमारे 80 मीटर उंचीचं लोखंडी चाक. त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावत. आपल्याकडे चार पाळण्यांचा लाकडी रहाटपाळणा माणसं हातानं फिरवायची, तो घराण्यातला आणखी वेगळा.

दुसरं वाक्य, ‘जबाबदारी तुमची’, हे मात्र मान्य करून बसू नका. सहल शाळेची असते. मंजुरीच्या अर्जात माळेगाव यात्रेसोबत आकाशपाळण्याचा उल्लेख स्पष्ट करा, सहलीच्या परिपत्रकातल्या अटींत तो बसतो का ते आधीच विचारा, आणि पालकांच्या संमतीपत्रात त्याची वेगळी ओळ ठेवा, ‘पाळण्यात बसण्यास संमती आहे / नाही’. मंजुरीतच पाळण्याला नकार आला तर विषय मिटला, मग वाद घालत बसू नका. माळेगावच्या यात्रेचं नियोजन नांदेड जिल्हा परिषद करते. तेव्हा पाळण्यांची तपासणी कुणी केली, परवानगी कुणी दिली, हे मुख्याध्यापकांनी शाळेच्या लेटरहेडवर विचारलं तर उत्तर मिळण्याजोगं आहे. त्यांच्या काळजीला हेच काम द्या. नुसतं ‘जबाबदारी तुमची’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

कागद असला तरी डोळे लागतातच. पोचल्यावर लगेच तिकिटं काढू नका. आपली मुलं न बसवता दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा. सगळ्यात आधी खाली, पायांशी बघा. पाळण्याचे पाय लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेले असतात आणि ठोकळे आपल्या काळ्या मातीवर. कोरडी असली तर ती दगडासारखी घट्ट, पण मार्गशीर्षात एखादी अवकाळी सर येऊन गेली की तिचं लोणी होतं आणि ठोकळे रुतायला लागतात. एक बाजू खचलेली दिसली, ठोकळ्याखाली घाईनं फळ्या-दगड कोंबलेले दिसले, तर तिथूनच मागे फिरा. मग डबे बघा. समोरची आडवी दांडी प्रत्येक डब्याला आहे का, ती पिननं अडकते की कुठे सुतळीनं बांधली आहे? माणसं भरताना पाळणेवाला समोरासमोरचे डबे भरून वजन सारखं करतो की एका अंगाला दहा आणि दुसऱ्या अंगाला शून्य? भोवती कुंपण आहे का, की बघे थेट फिरत्या डब्यांखाली उभे आहेत? बाजूचे फलक वाऱ्यानं फडफडत असतील तर वर डबे किती हलत असतील याचा अंदाज येतो. आणि तो माणूस फेरी चालू असताना फोनवर बोलत असेल, तर बाकी सगळं ठीक असूनही नाही म्हणा.

सकाळी जा. रात्री रोषणाईत पाळणा देखणा दिसतो खरा, पण रात्री गर्दी, घाई आणि वेग तिन्ही वाढतात. तरुण पोरं आरडाओरडा करून वेग वाढवायला लावतात आणि पाळणेवालाही त्यांना खूश करतो.

मुलींच्या केसांकडे स्वतः बघा, हे काम सरांवर सोपवू नका. लाल फितीच्या दोन लांब वेण्या मागे मोकळ्या सोडून कुणी बसणार नाही, त्या वर गुंडाळून घट्ट बांधायच्या. ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारायची किंवा सरळ तुमच्याकडे द्यायची. फिरत्या यंत्रात केस किंवा कापड अडकलं तर क्षणात ओढलं जातं, थांबवेपर्यंत उशीर झालेला असतो. या एका बाबतीत तुम्ही कजाग वाटलात तरी चालेल.

फोन सगळे खाली, तुमच्या पिशवीत. वरून फोन पडला तर खालच्याचं डोकं फुटेल, हे कारण मुलांना सांगा. दुसरं कारण तुमच्या माझ्यात. वर एखादं लेकरू रडलं, किंचाळलं, आणि शेजारच्यानं त्याचा व्हिडिओ काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तर दहावी संपेपर्यंत ते त्याला पुरतं.

कबड्डीवाल्याला मुद्दाम बोलावून समजावू नका. ‘काही होत नाही रे’ तर अजिबात नको. चढाई करताना सात जणांत घुसणाऱ्याला काही होत नाही हे माहीत आहे, तरीही वाटतंय, म्हणून तर तो आला. तुम्ही वर्गात सांगितल्यावर तो बहुतेक खालीच थांबेल. मग ‘भीती घालवायची संधी’ म्हणून त्याला ढकलू नका. हा माझा हट्ट समजा, पण सहल म्हणजे धाडसाची परीक्षा नव्हे, आणि चाळीस पोरांदेखत तर नव्हेच. ऐनवेळी स्वतःहून ‘बसतो’ म्हणाला तर बसू द्या. त्याच्यासोबत थट्टा न करणारा एक जण द्या, हाताची खूण पुन्हा सांगा, आणि खाली पायांकडे न बघता लांब, रानाच्या कडेला बघायला सांगा. त्याला शेवटी चढवा, म्हणजे बाकीचे डबे भरेपर्यंत टोकावर लटकत राहावं लागणार नाही. उतरल्यावर ‘बघ, काय झालं?’ म्हणू नका. त्याचं गुपित त्यानं तुमच्यापाशी ठेवलंय, ते स्टाफरूममध्येही जायला नको.

मुलीच्या बाबतीत मात्र आधी आईला गाठा. ‘चक्कर’ म्हणजे नेमकं काय, ते विचारून घ्या. एसटीत मळमळतं, उलटी होते, तेही चक्करच आणि प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळते, तेही चक्करच. पहिल्या प्रकारात डोळ्यांना जे दिसतं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जे जाणवतं त्याचा मेळ बसत नाही. त्रासदायक आहे, पण घाबरण्यासारखं नाही. असं असेल तर बसायचं की नाही ते मायलेकींनी घरी ठरवावं, आणि बसलीच तर शेवभजी खाऊन लगेच नको, अगदी उपाशीही नको. दुसऱ्या प्रकारात पाळण्याचा विषयच नाही. या वयात मुलींमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, आणि कधी ते फिट्सचंही लक्षण असू शकतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयात न्यायला आईला सांगा. सहल राहू द्या बाजूला, हे त्याहून गरजेचं आहे. आईनं संमतीपत्रावर ‘नाही’ लिहिलं असेल तर मुलीनं कितीही गळ घातली तरी नाहीच. तिच्याशी हुज्जत घालायची वेळ आली तर ‘चिठ्ठीवर नाही आहे’ एवढंच म्हणा, वर्गासमोर तिच्या तब्येतीबद्दल चकार शब्द नको.

खाली थांबणाऱ्यांनी नुसतं पिशव्या राखत बसायचं का? तुम्ही विज्ञानाच्या बाई आहात, मला तर खालची जागाच जास्त मजेची वाटते. एकाला कुंपणाबाहेर, पण पाळण्याच्या शक्य तितकं जवळ उभं करा आणि लांबून दोघांचा मिळून एक फोटो घ्या. फोटोत मुलगा अर्धा सेंटीमीटर आणि पाळणा सात सेंटीमीटर भरला, तर पाळणा मुलाच्या 14 पट उंच. मुलगा दीड मीटरचा असेल तर पाळणा 21 मीटर. दुसऱ्यानं घड्याळ लावून एका फेरीचे सेकंद मोजायचे. समजा चाकाचा व्यास 20 मीटर निघाला आणि फेरीला 20 सेकंद लागले. परीघ साधारण 63 मीटर, म्हणजे सेकंदाला तीन मीटरहून थोडं जास्त, ताशी 11 किलोमीटर. लंडन आय ताशी एक किलोमीटरही जात नाही. मग पोरांना विचारा, इतका उंच असून त्यात पोटात गोळा का येत नाही आणि आपल्या माळेगावच्या पाळण्यात का येतो?

उत्तर याच आकड्यांत आहे. या वेगानं वळताना गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं त्वरण येतं. टोकावर 40 किलोच्या मुलाला आपण 36 किलोचे झाल्यासारखं वाटतं, आणि तळाशी 44 चे. दर 20 सेकंदांनी हे हलकं-जड होणं म्हणजेच तो गोळा. लंडनचा अर्ध्या तासात एकदा फिरतो, त्यात हा फरक जाणवण्याइतका उरतच नाही. हिशेब शाळेत परतल्यावर फळ्यावर करा. वर जाऊन आलेल्यांनी ‘कुठे हलकं वाटलं’ ते सांगायचं, खालच्यांनी आकडे द्यायचे. खाली थांबलेल्यांशिवाय तो तास पुरा होत नाही. कबड्डीवाल्याच्या हातात घड्याळ द्या असं मी म्हणणार नाही, त्याचं त्याला निवडू द्या.

राहता राहिलं, पाळणा नापास झाला तर. ती तयारी वर्गातच करून ठेवा, ‘आपण यात्रा बघायला चाललोय. पाळण्यात बसायचं की नाही ते तिथं गेल्यावर मी ठरवणार.’ माळेगावला घोड्यांचा बाजार आहे, गाढवांचा आहे, खंडोबाचं दर्शन आहे, कुस्त्या आहेत. दिवस रिकामा जायचा नाही. पोरं कुरकुरतील, एखाददुसरा परतीच्या एसटीत गाल फुगवून बसेल, बसू द्या. फक्त पाळण्याच्या तिकिटाचे पैसे सहलीच्या वर्गणीत आधी गोळा करू नका. पैसे घेतले की ते वसूल करायची घाई होते, मुलांना आणि तुम्हालाही. ज्याला बसायचं त्यानं आपल्या खाऊच्या पैशांतून तिथल्या तिथं तिकीट काढावं. ज्याच्याकडे नसतील त्याची सोय तुम्ही सगळ्या शिक्षकांनी आपसांत आधीच करून ठेवा.